केसांना लावलेला रंग उतरविणे : सल्ला देण्यापूर्वी

पालित्यावर उपाय विचारण्यासाठी येणारे रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक वर्ग चिकित्सालयात व औषधी दुकानात नियमितपणे दिसतो. यांना केस काळे करावयाचे नसतात, तर लावलेला रंग काढावयाचा असतो. कोणाचा रंग अपेक्षेपेक्षा गडद बसलेला असतो, कोणाचे पांढरे केस मेंदीने भगवे झालेले असतात, कोणाच्या कपाळावर व कानांच्या पाळ्यांवर काळे डाग राहिलेले असतात. "घरच्या घरी करता येईल असे काहीतरी आयुर्वेदिक सांगा," ही मागणी मात्र सर्वांची सारखीच. प्रश्न किरकोळ वाटतो, म्हणून आपणही उभ्या उभ्या उत्तर देऊन मोकळे होतो. आम्हीही अनेक वर्षे तसेच करीत होतो. आमची ही सवय एका रुग्णेमुळे सुटली. ती हकीकत प्रथम सांगणे आवश्यक वाटते.

सुमारे पन्नास वर्षे वयाच्या या बाई व्यवसायाने शिक्षिका. मुलीचे लग्न पाच दिवसांवर आलेले. आदल्या रात्री त्यांनी 'काळी मेंदी' म्हणून मिळणारी पुडी भिजवून लावली होती. रंग काळाभोर आला. "डॉक्टर, टोपी घातल्यासारखे दिसते आहे, जरा उतरवून द्या," असे म्हणत त्या सकाळी आल्या. आम्ही रिठा व शिकेकाईच्या काढ्याने केस चोळून धुण्यास व रात्री तिळाचे तेल जिरविण्यास सांगितले. डोके थोडे खाजते आहे, असे त्या जाता जाता म्हणाल्या. तो रूक्षतेचा परिणाम असावा, असे आम्ही गृहीत धरले. घरी त्यांनी काढ्याबरोबर, शेजारणीच्या आग्रहावरून, खाण्याचा सोडा व लिंबूही चोळले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांच्या यजमानांचा दूरध्वनी आला. पापण्या सुजून डोळे उघडत नव्हते, कानांमागे व मानेवर स्राव होणारे फोड उठले होते. त्यांना तातडीने त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे लागले व तेथे स्टिरॉइडची योजना करावी लागली. लग्नात त्या पदर कपाळापर्यंत ओढून उभ्या होत्या.

त्यांना रंग बाधला होता, आणि आम्ही तो उतरविण्याची चिकित्सा करीत बसलो होतो. खाजेचा एक शब्द आम्ही सोडून दिला नसता, तर बाधलेल्या त्वचेवर तो रिठा, तो सोडा व ते लिंबू चोळले गेले नसते. या प्रसंगानंतर आम्ही या विषयाकडे थोडे गांभीर्याने पाहू लागलो. त्यातून जे हाती आले ते व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहोत.

रंग कोणता, हा पहिला प्रश्न

हेतू न विचारता चिकित्सा करू नये, हे आपण विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहोत. येथे प्रश्नपरीक्षाच निर्णायक ठरते, कारण काळा दिसणारा प्रत्येक केस एकाच द्रव्याने काळा झालेला नसतो. एका रंगाला जो उपाय लागू पडतो, तो दुसऱ्यावर निरुपयोगी व तिसऱ्यावर घातक ठरू शकतो.

केसाचे बाह्य आवरण माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक रचलेले असते व त्याच्या आत गाभा असतो. काही रंग केवळ आवरणावर वा त्याच्या लगतच बसतात. ते काही धुण्यांत आपोआप फिके होतात, त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. नेहमीचा काळा 'डाय' मात्र निराळ्या रीतीने काम करतो. त्यातील मुख्य द्रव्य बहुधा पॅराफेनिलिनडायअमीन, संक्षेपाने पीपीडी, हे असते. त्याचे रेणू सूक्ष्म व जवळजवळ रंगहीन असून ते गाभ्यापर्यंत शिरतात. द्रवरूप रंगात हायड्रोजन पेरॉक्साईडच्या आणि पुडीच्या रंगात बेरियम पेरॉक्साईडसारख्या द्रव्याच्या योगाने त्यांचे ऑक्सिडेशन होते, ते एकमेकांस जोडले जातात व मोठे रंगीत रेणू तयार होतात. हे रेणू आल्या वाटेने बाहेर पडू शकत नाहीत. म्हणून हा रंग घासून निघत नाही. घासल्याने केवळ आवरणाचे खवले निघतात. 'शाम्पू' या नावाने मिळणारे कित्येक रंगही याच जातीचे असतात, हे ध्यानात ठेवावे.

'काळी मेंदी' या शब्दाने तर रुग्णाची व वैद्याची सारखीच दिशाभूल होते. मेंदीचा स्वभाव केशरी ते तांबूस रंग देण्याचा आहे. ती राजस्थानातील सोजतची असो वा परसातील असो, पांढरा केस ती काळा करीत नाही. अर्ध्या तासात पांढरा केस काळा करणारी पूड ही केवळ मेंदी नव्हे, एवढे एक सूत्र लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम होते. अशा पुडीत मेंदी असते हे खरे, पण काम पीपीडी करीत असते. वेष्टनावर पानाफुलांचे चित्र मोठे आणि घटकांची यादी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, हा प्रकार आयुर्वेदाच्या नावाला बट्टा लावणारा आहे. त्याविषयी आपल्या संघटनेने स्वतंत्रपणे बोलावे असे आम्हांस वाटते. असो.

शुद्ध मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य केसातील केरॅटिनशी रासायनिक बंधाने जोडले जाते. ते घरच्या कोणत्याही उपायाने पूर्णपणे निघत नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगावे. लावल्यानंतर दोन-तीन दिवस तो रंग अधिकच गडद होत जातो. या काळात कोमट तेल जिरवून सौम्य शाम्पूने दोन-तीन वेळा धुतल्यास थोडा फिकेपणा येतो, इतकेच. नीलीच्या पानांची पूड मेंदीवर लावून काळा रंग आणणाऱ्यांची संख्या वाढली आहे. हा रंग सावकाश, दुसऱ्या दिवसापर्यंत पक्का होतो, म्हणून त्यालाही पहिल्या दिवसाचे धुणेच काय ते उपयोगी. पुढे असा केस पार्लरमध्ये ब्लीच केला असता हिरवट छटा येण्याचा संभव असतो, ही सूचना अवश्य द्यावी.

लोखंडी कढईची मेंदी

आमच्याकडील घरगुती रीतीत आणखी एक घटक असतो आणि तो बहुधा कोणीच सांगत नाही. मेंदी चहाच्या किंवा कॉफीच्या पाण्यात, आवळकाठीच्या चूर्णासह, रात्रभर लोखंडी कढईत भिजविली जाते. चहा व आवळा यांतील कषाय द्रव्यांचा लोहाशी संयोग होऊन काळसर रंग निर्माण होतो. पूर्वी हिरड्याचा काढा व हिराकस यांपासून शाई करीत, तोच हा प्रकार होय. संहितांतील केशरंजनाच्या पाठांतही त्रिफळा व लोहचूर्ण यांची जोडी वारंवार आढळते. शार्ङ्गधराच्या उत्तरखंडातील लेपप्रकरणात त्रिफळा, नीलिनी, लोह व भृंगराज यांचा पाठ आहे, तो अनेकांना ठाऊक असेल.

याचे व्यावहारिक महत्त्व असे की, असे केस लोहयुक्त असतात. त्यांवर हायड्रोजन पेरॉक्साईड पडल्यास त्याचे विघटन वेगाने होते, उष्णता निर्माण होते, केस तुटू शकतो व त्वचाही पोळू शकते. "मी कधी डाय वापरला नाही, फक्त घरची मेंदी लावते," असे सांगणारी रुग्णाही म्हणून ब्लीचसाठी निर्धोक समजू नये. भिजविण्याचे भांडे कोणते, हा प्रश्न आम्ही आता न चुकता विचारतो.

या प्रकारातील काळेपणा मात्र काही अंशी घरी उतरविता येतो. लोहाचा डाग लिंबाने फिका होतो हे गृहिणींना माहीत असते. आम्ल द्रव्य, विशेषतः क जीवनसत्त्व, लोह व कषाय द्रव्य यांच्या काळ्या संयुगाचा रंग कमी करते. कढईचा काळसरपणा जाऊन मेंदीचा तांबूस रंग खाली उरतो. अनेक रुग्णांना तेवढे पुरते.

घरगुती उपायांचा विचार

क जीवनसत्त्वाचा उल्लेख आला आहे, तर त्याविषयी थोडे सविस्तर. ताज्या, म्हणजे दोन-तीन दिवसांच्या आतील रंगावर, तसेच वरवर बसलेल्या रंगावर याचा उपयोग होतो. जुन्या पक्क्या डायवर तो नगण्य आहे. लोक औषधी दुकानातून ५०० मिलिग्रॅमच्या चघळण्याच्या गोळ्या आणून कुटतात. या गोळ्यांत साखर व नारिंगी रंग असतो. त्याने डोके चिकट होते व पांढऱ्या केसांवर आणखी एक रंग चढतो. त्याऐवजी शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्लाचे चूर्ण द्यावे. एक चहाचा चमचा चूर्ण दोन-तीन चमचे साध्या शाम्पूत ऐन वेळी मिसळावे (पाण्यात भिजवून ठेवल्यास ते निकामी होते), केवळ केसांच्या लांबीवर लावावे, टाळूस चोळू नये, वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवावे व नंतर तेल लावावे. त्यापूर्वी मागील बाजूच्या एका बटेवर करून पाहावे. आठवड्यात एकदाच, आणि दोन वेळांत फरक न पडल्यास थांबावे. टाळूवर ओरखडा, पुरळ, दाह यांपैकी काहीही असल्यास हे करू नये, कारण हे चूर्ण चांगलेच आम्ल आहे.

लिंबू लावून उन्हात बसण्याचा सल्ला फार प्रचलित आहे. तो आम्हांस सर्वथा अमान्य आहे. श्वित्रात बाकुची लावून रुग्णास उन्हात बसविताना आपण किती जपतो! बाकुचीतील सोरॅलेनच्या कुळातील द्रव्ये कागदी लिंबाच्या सालीत व रसातही असतात. कपाळावर ओघळलेला रस व वरून कडक ऊन, यांनी एक-दोन दिवसांत फोड येतात आणि पुढे महिनोन्‌महिने काळे ओघळ राहतात. उन्हाळ्यात असे 'व्यंग' घेऊन आलेल्या रुग्णास आम्ही आता लिंबाविषयी विचारतो.

सोड्याविषयी अधिक स्पष्ट लिहावे लागेल. खाण्याचा सोडा सौम्य क्षारीय आहे, धुण्याचा सोडा तीव्र क्षारीय आहे, आणि खेड्यातील दुकानात नुसता 'सोडा' मागितल्यास कोणता हाती येईल याचा नेम नसतो. क्षाराने आवरणाचे खवले उघडतात, थोडा रंग निघतो हेही खरे, परंतु केस राठ व ठिसूळ होतो. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या प्रथम अध्यायात पिप्पली, क्षार व लवण यांच्या अतियोगाचा निषेध केला आहे व क्षाराच्या दोषांत केसांच्या हानीचा समावेश केला आहे. तो विचार आभ्यंतर सेवनाचा आहे, हे आम्ही जाणतो आणि त्याचा येथे पुरावा म्हणून उपयोग करीत नाही. पण लोमशातनाचे पाठ पाहावेत. शंखचूर्ण, हरताळ व स्वर्जिकाक्षार यांच्या लेपाने केस गळून पडतो. क्षाराला केस विरघळविता येतो हे आपल्या पूर्वाचार्यांनी वापरून ठेवलेले ज्ञान आहे. केस राखावयाचा असताना आपण ते विसरू नये. सोडा व लिंबू एकत्र केल्यास फेस येतो आणि लोकांना तो औषधाचा जोर वाटतो. वस्तुतः दोघे एकमेकांना निष्प्रभ करीत असतात.

कपडे धुण्याच्या वा अंगाच्या साबणाने रंग लवकर उतरतो असे अनुभव सांगतो. त्याचेही कारण क्षारीयताच. बोअरच्या जड पाण्यात तर साबणाचा चिकट थर केसांवर बसतो व रुग्ण तो काढण्यासाठी पुन्हा साबण लावतो. रिठा व शिकेकाई ही त्या मानाने मृदू शोधन द्रव्ये आहेत, परंतु गाभ्यातील रंग ती काढत नाहीत. त्यांच्या काढ्याने डाय निघतो असे छातीठोकपणे सांगणे आम्ही बंद केले आहे. दह्याने अपाय नाही, फारसा उपयोगही नाही.

तेलाचे काम निराळे आहे. वरवरचा रंग व त्वचेवरील डाग यांसाठी ते उत्तम. खोबरेल कापसावर घेऊन कपाळ व कान हलक्या हाताने पुसावेत. टूथपेस्ट घासण्याची गरज नाही. पक्क्या रंगावर तेलाचा परिणाम अल्प असतो. मात्र वारंवार धुण्याने होणारी केसांची हानी ते टाळते. रेले व मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खनिज तेल, सूर्यफूल तेल व खोबरेल यांची तुलना आहे. धुण्यापूर्वी वा नंतर लावलेल्या खोबरेलाने केसातील प्रथिनांचा ऱ्हास कमी होतो, असे त्यात आढळले. शिरोभ्यंगानंतर स्नान, या आपल्या जुन्या क्रमाला हे पूरकच आहे. पक्का डाय गडद झाला असेल तर पहिल्या आठवड्यात रात्री खोबरेल व एक दिवसाआड शाम्पू, एवढेच आम्ही सांगतो. छटा एखाद-दुसऱ्या पायरीने उतरते. उरलेल्यासाठी चांगला केशकर्तनकार, किंवा काळ. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, हा हिशेब रुग्णासमोर मांडला की घाई बरीच कमी होते.

गंधकयुक्त द्रव्यांवर आधारलेले तयार 'कलर रिमूव्हर' ऑक्सिडेशनच्या रंगाचे मोठे रेणू पुन्हा लहान करतात. ते वापरल्यानंतर फार वेळ पाण्याने धुवावे लागते, अन्यथा हवेच्या संपर्काने रंग परत गडद होतो. मेंदीवर ते चालत नाहीत. हे काम घरच्या न्हाणीघरात न करता माहितगाराकडून करून घ्यावे, असे आमचे मत आहे.

औषधी दुकानदारांसाठी

जखमेसाठी म्हणून विकले जाणारे हायड्रोजन पेरॉक्साईड सुमारे सहा टक्के, म्हणजे वीस 'व्हॉल्यूम' तीव्रतेचे असते. हीच तीव्रता पार्लरमध्येही वापरतात, ही माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचलेली आहे. तरुण गिऱ्हाईक एकापेक्षा अधिक बाटल्या मागू लागल्यास कशासाठी हे विचारावे, आणि केसांसाठी असल्यास नकार द्यावा. वर सांगितलेली लोखंडी कढई दुकानात बसून आपल्याला दिसत नसते.

केशरंगाच्या वेष्टनावर सावधानतेची सूचना असणे कायद्याने बंधनकारक आहे. ती भुवया व पापण्यांना रंग न लावण्याविषयी व पूर्वचाचणीविषयी असते. ती गिऱ्हाइकास वाचून दाखवावी. कानामागे थोडा रंग लावून अठ्ठेचाळीस तास वाट पाहणे कोणास आवडत नाही, तरी सांगावे. दहा वर्षे तोच रंग लावणाऱ्यासही अकराव्या वर्षी तो बाधू शकतो, हे बहुतेकांना पटत नाही. जत्रेत वा लग्नात हातावर काळी नक्षी काढून घेतल्यावर पुरळ उठले होते का, हाही प्रश्न विचारावा. त्या काळ्या नक्षीत पुष्कळदा पीपीडी असते व तेथूनच असात्म्यता जडते. अशा व्यक्तीस पीपीडीयुक्त रंग देऊच नये, आणि चाचणीसाठीही लावावयास सांगू नये. उरलेली पुडी कुलपात ठेवण्यास सांगावे. ती पोटात गेल्यास घशाला सूज येऊन श्वास कोंडतो, स्नायू व वृक्क निकामी होतात.

खाज असल्यास

रंग लावल्यावर खाज, दाह, पापण्या जड होणे, कानामागे ओलसरपणा यांपैकी एकही लक्षण असेल, तर रंग उतरविण्याचा विषय तेथेच थांबवावा. लक्षणे बहुधा एक ते तीन दिवसांत दिसतात, आणि टाळूपेक्षा पापण्या, कान व मान येथे अधिक दिसतात, म्हणून डोक्याचा रंग व डोळ्यांची सूज यांचा संबंध रुग्णाच्या ध्यानी येत नाही. साध्या पाण्याने व सौम्य शाम्पूने एकदा नीट धुऊन सुटा रंग काढावा. केसात पक्का झालेला रंग सहसा पुढे त्रास देत नाही, त्यामुळे तो ओरबाडून काढण्याचे कारण नाही. चोळणे, रिठा, लिंबू, सोडा, तेलाचा मसाज, सर्व वर्ज्य. थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. किंचित दाह असून त्वचा अखंड असल्यास शतधौत घृताचा पातळ लेप आम्ही देतो. फोड, स्राव किंवा डोळ्यांची सूज असल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे, आणि ओठ-जीभ सुजणे वा श्वास लागणे असल्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. येथे आपल्या औषधांची परीक्षा पाहत बसू नये.

लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या शिक्षिका पुढे आमच्याकडे येत राहिल्या. रंगलेला भाग दर दोन महिन्यांनी थोडा थोडा कापीत दीड वर्षात त्यांचे सर्व केस पांढरे झाले. मागील भेटीत त्यांनी जावेसाठी कोणी आणून दिलेली 'हर्बल' पुडी पिशवीतून काढली व घटक वाचून दाखवा म्हणाल्या. अक्षरे आम्हांस चष्म्याने लागेनात, म्हणून भिंग घेतले. पीपीडी तिसऱ्या ओळीत होते.